कॉटन ग्रीन: एका छोट्या स्टेशनाचा 'परिसर' नेमका कुठपर्यंत?

पेट किंवा सेट पार पडली की खरी अडचण सुरू होते. गाईड विचारतात, "विषय काय घेताय?" आणि आपण म्हणतो, "मुंबईचा इतिहास", नाहीतर "वसाहतकाळातली रेल्वे." विषय इतका मोठा की त्यात शिरायचं कुठून हेच कळत नाही. म्हणून आजच्या लेखात उलट्या बाजूने जाऊया. हार्बर मार्गावरचं एक छोटं स्टेशन घेऊ, कॉटन ग्रीन. रे रोड आणि शिवडी यांच्या मधलं. इथं कुणी मुद्दाम फिरायला येत नाही, पर्यटनाच्या पुस्तकांत याचा फोटो नसतो. पण नीट प्रश्न विचारले तर या एका स्टेशनातून अख्ख्या पीएचडीचा विषय निघू शकतो.

सुरुवातीलाच या लेखाचा मुद्दा सांगून टाकतो. एखाद्या ठिकाणाचा इतिहास लिहिताना आपण 'स्टेशन व परिसर' असं सहज म्हणतो आणि नकाशावर एक-दोन किलोमीटरचं वर्तुळ काढतो. पण इतिहासात परिसर पायी चालण्याच्या अंतराने ठरत नाही. तिथं काय आलं, कुठून आलं आणि ते कुणी उचललं, यावर ठरतो.

पहिला प्रश्न: नाव कुणाचं?

कॉटन ग्रीन हे नाव ऐकून बरेच जण समोरच्या कापूस बाजाराच्या हिरव्या इमारतीशी त्याचा संबंध जोडतात. पण या नावातला 'ग्रीन' म्हणजे हिरवा रंग नव्हे. इंग्रजीत गावाच्या मधल्या मोकळ्या मैदानाला ग्रीन म्हणायचे. जुन्या किल्ल्याच्या, म्हणजे आजच्या फोर्टच्या, आत सेंट थॉमस चर्चसमोर असं एक मैदान होतं, 'बॉम्बे ग्रीन'. आज तिथं हॉर्निमन सर्कल आहे. त्या मैदानावर कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागायच्या आणि तिथंच सौदे व्हायचे. कापसाचं मैदान, म्हणून कॉटन ग्रीन.

गंमत बघा. त्या मैदानाच्या एका बाजूला १८३३ मध्ये टाउन हॉल उभा राहिला. आज आपण तिथं एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून संदर्भ काढतो. म्हणजे शिवडीजवळच्या स्टेशनाचं नाव ज्या जागेवर जन्मलं, ती जागा तुमच्या वाचनाच्या टेबलाच्या खिडकीबाहेर आहे.

१८४४ मध्ये हा बाजार फोर्टमधून कुलाब्याला हलवला गेला. भर वस्तीत कापूस साठवायचा म्हणजे गर्दी, धूळ आणि सगळ्यात मोठी धास्ती आगीची. कुलाबा तेव्हा शहराच्या टोकाला होता. जागा बदलली, पण व्यापाऱ्यांनी नाव सोबत नेलं. कुलाब्याचा बाजारही 'कॉटन ग्रीन'च झाला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शेअरचा फुगा फुगला आणि १८६५ मध्ये तो फुटला. हा सगळा खेळ घडला तेव्हा कॉटन ग्रीन म्हणजे कुलाबा.

विसाव्या शतकात, १९२० च्या दशकात, बाजार पुन्हा हलला. या वेळी पार उत्तर-पूर्वेला, शिवडीच्या बाजूला पोर्ट ट्रस्टच्या नव्या जमिनीवर. नाव पुन्हा सोबत गेलं आणि या तिसऱ्या मुक्कामी ते रेल्वेच्या पाटीवर चढलं.

म्हणून लक्षात ठेवा, स्थळनाम नेहमी त्या मातीतून उगवत नाही. काही नावं सामानासारखी एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेली जातात. जुन्या कागदात 'कॉटन ग्रीन' असा उल्लेख सापडला तर आधी कागदाची तारीख बघायची, मग नकाशावर बोट ठेवायचं. १८३० चा उल्लेख असेल तर फोर्ट, १८८० चा असेल तर कुलाबा, १९३० चा असेल तर शिवडीची बाजू.

दुसरा प्रश्न: जमीन आली कुठून?

कॉटन ग्रीनच्या पूर्वेला गोदामांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. यातली बरीचशी जमीन पूर्वी भरती-ओहोटीच्या चिखलात होती.

मुंबईच्या भरावाचा विषय निघाला की सगळे बॅकबेबद्दल बोलतात. तिथं मोठमोठी नावं होती, घोटाळे होते, पुढे उंच इमारती झाल्या. पूर्व किनाऱ्याचा भराव मात्र संशोधनात मागे पडतो. १८७० मध्ये सरकारने एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीची किनाऱ्यावरची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. मग एकामागून एक गोद्या बांधल्या गेल्या: १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, पुढे व्हिक्टोरिया, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा. याच काळात माझगाव ते शिवडी हा भराव झाला. तो ५८३ एकरांचा होता आणि १९१२ मध्ये पुरा झाला.

५८३ एकर नवी जमीन आणि मालक एकच. माझ्या मते ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मुंबईत एरवी एकेका गल्लीत पन्नास मालक, शंभर पागड्या आणि कोर्टकज्जे. इथं मात्र एका सरकारी संस्थेने समुद्रातून जमीन काढली आणि कुठं काय ठेवायचं हे कागदावर आखलं. धान्य इकडे, कोळसा तिकडे, कापूस पलीकडे. आगीच्या दृष्टीने अंतर सोडलेली गोदामं आणि त्यांच्या दारात मालगाडीचे फाटे. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली होती. वऱ्हाड-खानदेशातून निघालेली वाघीण मेन लाईनवरून पोर्टच्या रुळांवर आणि तिथून थेट गोदामाशी येऊ शकत होती. कुलाब्याच्या जुन्या बाजारातून परळ-लालबागच्या गिरण्यांपर्यंत माल आणायचा तर सगळं शहर ओलांडावं लागायचं. नवी जागा गिरण्यांच्याही जवळ आणि गोदीच्याही.

आगीची भीती अनाठायी नव्हती हे पुढे एका भयंकर घटनेने दाखवून दिलं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर स्फोट झाले. त्या जहाजावर स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. कापूस आतल्या आत धुमसत राहतो, चटकन विझत नाही. या स्फोटाबद्दल लिहिताना बहुतेक जण हवेत उडालेल्या सोन्याच्या विटांची गोष्ट सांगतात. मालाच्या इतिहासाचा अभ्यासक मात्र विचारेल, कापूस आणि स्फोटकं एका जहाजात कशी आली?

तिसरा प्रश्न: गाडी आधी की बाजार आधी?

आपण गृहीत धरतो की वस्ती होती म्हणून स्टेशन झालं. इथं क्रम लावून बघा. १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बर मार्ग सुरू झाला. तेव्हा कापसाचा बाजार कुलाब्यालाच होता आणि भरावही पुरा झालेला नव्हता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच मार्गावर व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. आजही पुष्कळ लोकांना वाटतं की पहिली विजेची लोकल चर्चगेटच्या बाजूला किंवा मेन लाईनवर धावली असेल. तो मान हार्बरचा. साहेबांच्या वस्तीतून जाणारा हा मार्ग नव्हता, तो गोदीच्या पाठीमागून जायचा.

म्हणजे क्रम असा: आधी रूळ, मग जमीन, मग बाजार. या मार्गामागचं पहिलं गणित बंदराचं होतं, प्रवासी त्यात नंतर वाढत गेले. 'उपनगरी रेल्वे' या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर डबा घेऊन कचेरीत जाणारा माणूस येतो. पूर्व किनाऱ्यावर तो शब्द वापरताना थांबून विचार करायला हवा.

रुळांच्या दोन बाजू

आता स्टेशनाच्या पुलावर उभे आहात असं समजा. पूर्वेकडे बघाल तर कापूस बाजाराची इमारत, गोदामं, ट्रक. पहिल्या महायुद्धानंतर कापसाच्या सौद्यांना शिस्त लावण्यासाठी १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास दीर्घकाळ तिचे अध्यक्ष होते. तीच संस्था आज कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने स्टेशनासमोरच्या याच इमारतीत आहे. रुईचे भाव ती आजही जाहीर करते, आणि तेही खंडीच्या हिशोबाने. खंडी म्हणजे ७८४ पौंड, सुमारे ३५६ किलो. सगळा देश किलोवर आला, हा बाजार खंडीवर राहिला. मोजमापं व्यापाराची स्मृती जपतात, ती अशी.

इथल्या भावांना आणखी एक पाय फुटला होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईला तारेने यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'आकडा लावणे' हा वाक्प्रचार आणि नंतरचा मटका यांचं मूळ तिथं आहे. जागतिक बाजार चाळीच्या जिन्यापर्यंत कसा पोहोचतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता पश्चिमेकडे वळा. काळाचौकी, अभ्युदयनगर, पुढे लालबाग, परळ. हा गिरणगावचा भाग. इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ काळाचौकीतच. पूर्वेला रुईची गाठ, पश्चिमेला तिचं सूत आणि कापड करणारे हात. मध्ये फक्त लोकलचे रूळ.

पण कागदपत्रांत या दोन बाजू सारख्या दिसत नाहीत. पूर्वेकडच्या मालाची नोंद काटेकोर आहे. पोर्ट ट्रस्टचे वार्षिक अहवाल काढा: किती गाठी आल्या, किती गेल्या, भाडं किती जमलं. गाठ बरोबर मोजलेली असते. ती पाठीवर घेणारा हमाल मात्र बहुतेक वेळा 'मजुरी' या खर्चाच्या रकान्यात असतो, तोही एकूण रकमेत. आकडी मारून गाठ उलटवायची, ती वाहायची आणि थप्पीवर चढवायची, या कामात कौशल्य होतं. टोळ्या होत्या, मुकादम होते, गावाकडचे नातेसंबंध होते. ही माणसं कायद्याच्या भाषेत नीट दिसू लागली ती १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालचा मोठा लढा होता. ज्या बंदराने १८७३ पासून गाठी मोजल्या, त्या शहराने गाठी उचलणाऱ्यांची रीतसर नोंदणी सुरू करायला जवळजवळ शंभर वर्षं घेतली. वरच्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की हे दिसतं.

गिरणी कामगारांचं तसं नाही. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. राजनारायण चंदावरकरांचं काम तुम्ही वाचलं असेल. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवलाय. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपावर तर ग्रंथालयाचं एक कपाट भरेल. पण गिरणीच्या दाराबाहेर, गोदाम आणि वाघीण यांच्यामध्ये राबणारा माणूस या कपाटात शोधून काढावा लागतो. तुम्ही विषय शोधत असाल तर इथं थांबा. ही जागा रिकामी आहे.

परिसर खामगावपर्यंत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कॉटन ग्रीनचा परिसर कुठं संपतो?

१८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा गेला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. वऱ्हाडातल्या एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय कशाला येईल? कापसासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मापाची गाडी झाली, लोक जिला शकुंतला म्हणतात. तिचाही मुख्य धंदा कापूसच. हे सगळे फाटे नकाशावर रंगवा आणि बोट फिरवत पश्चिमेकडे या. ते मुंबईच्या गोदीवर येतात.

म्हणजे शिवडीजवळच्या गोदामाची भिंत जितकी कॉटन ग्रीनची, तितकंच वणीच्या किंवा दर्यापूरच्या शेतातलं बोंडही. नात्याची दिशा मात्र एकतर्फी होती. कापूस तिकडून इकडे यायचा आणि भाव इकडून तिकडे जायचा. शेतकरी सरकीसकट कापूस विकतो, क्विंटलने. मुंबईत भाव बोलला जातो रुईचा, खंडीने. या दोन मापांच्या मधल्या अंतरात जिनिंग, दलाली, वाहतूक आणि नफा बसलेला असतो. तो हिशोब शेतकऱ्याला दिसत नाही, ही तक्रार जुनीच. १९७२ च्या सुमारास महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा याच अंतराला हात घालायचा विचार होता. ती योजना पुढे कशी चालली आणि का मोडली, हा वेगळा विषय. पण तिचा इतिहास विदर्भात बसून अर्धाच लिहिता येतो. उरलेला अर्धा या स्टेशनाच्या पूर्वेच्या दाराबाहेर आहे.

नाव बदलताना

आता थोडं आजचं. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची इंग्रजी नावं बदलण्याचा ठराव मंजूर केला. त्यात करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव आणि कॉटन ग्रीनचं काळाचौकी असे बदल आहेत. अशा ठरावाला पुढे केंद्राची मंजुरी लागते.

यावर दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. एक म्हणते, इतिहास पुसला. दुसरी म्हणते, गुलामीची खूण गेली, खरं नाव मिळालं. मला दोन्ही घाईच्या वाटतात.

करी, सँडहर्स्ट, रे ही माणसांची नावं. सँडहर्स्ट आणि रे तर मुंबईचे गव्हर्नरच होते. 'कॉटन ग्रीन' हे कुणा साहेबाचं नाव नाही, ते एका धंद्याचं नाव आहे. त्यात फोर्ट, कुलाबा, शिवडी असा शहराचा दीडशे वर्षांचा प्रवास दडलेला आहे. हे नाव गेलं तर त्या प्रवासाची सगळ्यात ठळक खूण जाईल, हे मान्य करावं लागतं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. 'कॉटन ग्रीन' हे नाव मालाचं, रुळांच्या पूर्वेचं. पश्चिमेला राहणाऱ्या माणसाला "कुठं राहता?" विचारलं तर तो काळाचौकी म्हणतो. हे नाव एका पोलीस चौकीवरून पडल्याचं सांगितलं जातं, म्हणजे तेही काही अनादिकाळाचं नाही. पण लोकांनी ते तोंडात खेळवलं. एका नावात माल आहे, दुसऱ्यात माणसं. पाटीवर जागा एकाच नावाला असते. संशोधनात दोन्हींना असते, आणि दोन्ही घेणं हेच आपलं काम.

याच काळाचौकीत, इंडिया युनायटेडच्या जागेवर, महापालिका वस्त्रसंग्रहालय उभारते आहे. कापसाचं नाव पाटीवरून जायच्या वाटेवर आणि कापडाची आठवण संग्रहालयात. त्या दालनांत यंत्रं येतील, साचे येतील. गाठ उचलणाऱ्याची आकडी तिथं येणार का, हे कुणीतरी विचारायला हवं. तो विचारणारा तुमच्यापैकीच कुणी असावा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता हे सगळं तुमच्या स्टेशनाला लावून बघा. ते मुंबईतलं असायला हवं असं नाही. दौंड, मनमाड, मूर्तिजापूर, कुडाळ, कुठलंही चालेल. चार प्रश्न लिहून काढा.

नाव कधीपासून आहे आणि ते इथंच जन्मलं की दुसरीकडून आलं? मूळ जमीन कुणाची होती: शेत, गावठाण, खाजण की भराव? आधी काय आलं, रूळ, वस्ती की बाजार? आणि या ठिकाणी काय मोजलं गेलं, काय मोजलं गेलं नाही?

पहिल्या तिघांची उत्तरं गॅझेटिअर, जुने नकाशे, वेळापत्रकं, पोर्ट किंवा रेल्वेचे अहवाल यांत मिळतात. मुंबईबद्दल असेल तर गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' (१८६३) आणि आचार्य-शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' (१८८९) ही मराठी पुस्तकं इंग्रजी अहवालांच्या आधी वाचा. शहरात राहणारा मराठी माणूस काय पाहत होता ते त्यांत दिसतं.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कपाटात सहसा मिळत नाही. त्यासाठी माणसांकडे जावं लागतं. कापसाच्या गोदामांत ज्यांनी उभं आयुष्य काढलं ते लोक आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. सरकारी फाईल पुढच्या वर्षीही त्याच कपाटात असेल, ही माणसं असतीलच असं नाही. म्हणून सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट बघू नका. परवानगी घेऊन मुलाखती आत्ताच सुरू करा, प्रकरणांची रचना मागाहून ठरवता येईल.